मधली कडवी

ये गं, अशी जवळ ये. दारात काय उभी राहतेस परक्यासारखी? तू हैदराबादेत बसून हे वाचणार हे मला ठाऊक आहे, पण लिहायला घेतलं तेव्हाच मी तुला इथे, माझ्या ओट्याशेजारच्या स्टुलावर आणून बसवलंय. तो फोन आधी पालथा घाल. आणि मान वर कर, मला तुला जरा रागवायचंय.

परवा तू म्हणालीस, "बाजूच्या आजी, आमचे आजोबा थोडे सटकलेलेच होते ना?" म्हणालीस आणि खुदकन हसलीस. मीही हसले, सवयीनं. फोन ठेवला आणि भाजी चिरता चिरता माझा हात थांबला. म्हटलं, या पोरीला कुणी काही सांगितलेलंच नाही. हिच्या बापानं तर नाहीच नाही. तर ऐक आता. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढचं काय ते पेपर वाचून आणि लोकांची बोलणी ऐकून. त्यामुळे मागचं पुढे होईल, पुढचं मागे. सांभाळून घे.

सटकलेले होते का? होते बाई. खोटं कशाला बोलू.

आपल्या गोडदेवच्या नाक्यावर ते फरसाणचं दुकान आहे बघ. तिथल्या सेठचा रेडिओ दिवसभर चालू. तुझे आजोबा सकाळी दुधाला गेले की दुकानासमोर अडकायचे. गाणं कुठलं का असेना, भजन, सिनेमातलं, अगदी गरब्याचं. एकदा कानावर पडलं की ते संपेपर्यंत पाय हलवायचा नाही. हातात दुधाची पिशवी, मान किंचित वाकडी, डोळे रस्त्यावर. सेठ हाक मारायचा, "अंकल, अंदर आके बैठो ना." हे म्हणायचे, "नहीं सेठ, आदमी अभी बोल रहा है. बीच में से कैसे जाऊं?" एक गाणं संपलं की रेडिओवाले लगेच दुसरं लावणार. मग परत उभे. उन्हाळ्यात कितीदा दूध नासलं असेल, ते तुझ्या आजीलाच माहीत. शेवटी सेठनं युक्ती केली. अंकल लांबून दिसले की तो रेडिओच बंद करायचा. तर हे दुकानात शिरून काळजीनं विचारणार, "आज तबीयत ठीक नहीं क्या, सेठ?"

गणपतीत बिल्डिंगखालच्या मंडपात आरतीलाही यायचे. चपला काढून, हात मागे बांधून, शेवटपर्यंत उभे. आम्ही बायका टाळ्या वाजवून दमायचो, हे स्तब्ध. एका वर्षी आरती झाल्यावर त्यांनी मंडळाच्या सेक्रेटरीला गाठलं.

"काय हो, पहिलं कडवं झालं आणि एकदम शेवटच्यावर उडी? मधलं कुठे गेलं?"

"अंकल, पब्लिक कंटाळतं."

"देव कंटाळला का?"

सेक्रेटरी बिचारा प्रसादाचं ताट घेऊन पसार झाला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही लोक पण गाळता, आम्ही पण गाळतो. एवढ्या एका बाबतीत आपलं अगदी एकमत आहे."

तुमच्या ख्रिस्ती मंडळीतली रीत तुला ठाऊक असेल. मी बाहेरची, दर गुरुवारी भजनी मंडळात जाणारी बाई. मला ती त्यांच्याचकडून कळली. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उपासना असते, पाळकसाहेब गीताचा नंबर सांगतात आणि लगेच जोडतात, "पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं." कधी घाई असली तर पहिलं आणि शेवटचंच. हॉल पुढे दुसऱ्या कुणाला तरी दिलेला असतो, मग काय करणार! तुझे आजोबा गिरणीत टाइमकीपर होते. आयुष्यभर लोकांच्या येण्याजाण्याची मिनिटं लिहिली त्यांनी. पण गीत सुरू झालं की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. मंडळी मधली कडवी ओलांडून शेवटच्यावर गेली, तरी हे आपले ओठातल्या ओठात दुसरं, तिसरं, चौथं म्हणत राहणार. सगळे "आमेन" म्हणून खाली बसले तरी हे एकटेच उभे. पाळकसाहेब प्रार्थनेला हात वर करून ताटकळलेले. मागून कुणीतरी म्हणायचं, "भाऊ, बसा आता." पोरं फिदीफिदी हसायची. तुझा बाप तेव्हा कॉलेजात होता. तो खाली मान घालून पुस्तकाची पानं उलटत बसायचा. हे मला तुझी आजी सांगायची, हसत हसत, डोळे पुसत.

मी एकदा त्यांना सरळच विचारलं, "भाऊ, दोन कडवी कमी म्हटली तर बिघडतं काय?"

ते म्हणाले, "पहिल्या कडव्यात हाक असते, बाई. शेवटच्या कडव्यात स्वर्ग. माणूस असतो तो मधल्या कडव्यांत. त्याचं आजारपण, त्याचं चुकणं, त्याचं एकटं पडणं, सगळं तिथेच. आणि नेमकं तेच तुम्ही गाळता."

मी कचऱ्याची बादली घेऊन जिन्यात उभी होते.

त्याच जिन्यात त्यांनी मला तुमच्या गीतांची सगळी कुळकथा ऐकवली आहे. बादली हातात, कचरेवाला खाली शिट्टी मारतोय, आणि यांचं चाललंय. मी फक्त एवढंच विचारलं होतं की तुमच्यात अभंग आणि ओव्या आल्या कुठून? मला वाटायचं, ख्रिस्ती लोक म्हणजे पियानो आणि कोट. तर म्हणाले, पहिल्यांदा गोरे साहेब आले ते आपल्या चाली बोटीत घालूनच आले. त्यांनी मराठी शब्द त्या चालींत बसवले. पण बसतात कुठले! जिथे शब्द लांबवायचा तिथे चाल तोडायची, जिथे तोडायचा तिथे लांबवायची. "लोक गात नव्हते, बाई, कवायत करत होते," म्हणाले. मग हळूहळू इथलीच माणसं पुढे आली, घरात कीर्तनं नि अभंग ऐकत वाढलेली. त्यांनी प्रभूची गोष्ट आपल्या चालींत घातली. पेटी आली, टाळ आले, तबला आला. साहेबांपैकी काहींनी नाकं मुरडली, म्हणे देवळासारखं वाटतं. पण गावातल्या म्हाताऱ्या, ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्या पहिल्यांदा तोंड उघडून गायला लागल्या. "पुस्तकात नुसते शब्द छापलेले असतात," ते म्हणाले, "चाल कुठे छापलीय? ती आईच्या तोंडून लेकराच्या कानात. मधला एक माणूस गप्प बसला की संपली."

आता ते एक गीत. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

तुझ्या आजोबांच्या गावची, नगरकडची, ती चाल. गीत दोघांचं आहे. एक ओळ वाटसरू म्हणतो, दुसरी ओळ घरधनी म्हणतो. वाटसरू विचारत जातो, घरधनी उत्तर देत जातो, अशी पाच कडवी. गावात दोन बायका दळताना ते म्हणत. एक विचारी, तिची ओळ संपली की दुसरी उत्तर देई. तुझ्या पणजीनं ते असंच शिकवलं. पुढे लग्न झाल्यावर वाटसरूची ओळ आजोबांची आणि घरधन्याची ओळ तुझ्या आजीची. ती नर्स. पहाटेची ड्युटी असो, दुपारची असो, घराबाहेर पडायच्या आधी दोघं ते म्हणायची. आपल्या दोन स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत, आणि बिल्डरनं ती अशी बांधलीय की पलीकडे कुणी शिंकलं तरी इथे "सत्य आहे" म्हणावंसं वाटतं. त्यामुळे मला ते पाठ व्हायला आलं होतं. माझे हे असताना ते चहा घेत म्हणायचे, "चला, बाजूचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं."

तुझी आजी गेली तेव्हा तू फार लहान होतीस. तुला आईपाशी घरी ठेवलं होतं. मी दफनभूमीत गेले होते. तिथे काय झालं ते तुला सांगते, कारण तिथूनच सगळं फिरलं. दुपारची वेळ, फाटकापाशी दुसरी एक अंत्ययात्रा येऊन थांबलेली, खड्डा खणणारे फावडी टेकवून उभे. पाळकसाहेबांनी तेच गीत सांगितलं आणि म्हणाले, "पहिलं आणि शेवटचं कडवं." मंडळीनं पहिलं म्हटलं, दोन्ही ओळी सगळ्यांनीच, भराभर. मग शेवटचं म्हटलं. आमेन झालं. आणि तुझ्या आजोबांनी मोठ्यानं दुसरं कडवं सुरू केलं.

एक ओळ म्हणाले आणि थांबले. उत्तराची वाट बघत. कोण देणार? जिनं द्यायचं ती शवपेटीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांनी पुढची ओळ म्हटली. परत थांबले. फाटकापाशी कुणीतरी खाकरलं. तुझा बाप तेव्हा आईच्या जाण्यानं पार मोडून गेलेला. तो पुढे झाला, त्यांचा दंड धरला आणि म्हणाला, "बाबा, पुरे. लोक थांबलेत."

ते थांबले. ओळ अर्धीच राहिली.

भांडण झालं असतं तर मी म्हणते बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. इथे कुणी काही बोललंच नाही. तुझ्या बापानं घोडबंदरच्या बाजूला नव्या टॉवरमध्ये जागा घेतली, तुम्ही तिकडे गेलात. इथून कितीशी वाट आहे? पण खाडी मध्ये असल्यासारखं झालं. तो यायचा, नाही असं नाही. औषधं आणायचा, लाइटबिल भरायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि निघायचा. तुझे आजोबा मंडळीत जायचे, पण तिथे गायचे बंद झाले. पुस्तक उघडून धरायचे नुसते.

घरात मात्र सकाळी गायचे. मी ऐकायची. एक ओळ, मग शांत. मग पुढची ओळ, परत शांत. मला वाटलं म्हातारपण आहे, शब्द आठवत नाहीत. मग वाटलं दम लागतोय. एकदा उत्तनची कोळीण मासे द्यायला दारात बसली होती, कान देऊन म्हणाली, "तुमचा म्हातारा गातोय का रडतोय गं? काय कलत न्हाय." मी म्हटलं, विसरतात बिचारे. आणि तिला बोंबील निवडून द्यायला सांगितले.

असेच कितीतरी महिने गेले असतील. एक दिवस मी कणीक मळत होते. पलीकडून ओळ आली, मग ती शांतता. आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, तुझ्या आजीची ओळ बाहेर पडली. इतकी वर्षं ऐकलेली ना! पलीकडे एकदम सामसूम. मी घाबरले. म्हटलं, झालं, आता येतील आणि बोलतील. हात पिठाचे तसेच. आणि मग भिंतीपलीकडून पुढची ओळ आली. थोडी कापत, पण आली. तेव्हा मला कळलं की ते काही विसरत नव्हते. ते तिची जागा रिकामी सोडत होते.

दुपारी दारावर आले. "सलाम, बाई." तुमच्याकडचा हा नमस्कार मला फार आवडायचा. मी म्हटलं, "चुकलं का काही, भाऊ?"

"चुकलं. चाल सगळी चुकलीय. भजनी मंडळातली घाई आहे तुमच्या गळ्यात, टाळ वाजत असल्यासारखं पळता. घरधनी दारात उभा आहे, बाई. त्याला कुठे गाडी पकडायची आहे?"

मी म्हटलं, "मग तुम्हीच म्हणून दाखवा कसं ते."

"ती ओळ माझी नाही. मी म्हणणार नाही."

सटकलेले म्हणतेस ना, ते हेच. मग ते घरी गेले, पेटी काढली. ती तुझ्या आजीच्या पांढऱ्या साडीत गुंडाळून ठेवलेली असायची. भिंतीला लागून बसले आणि तिची ओळ नुसती पेटीवर वाजवली. तोंडानं एक अक्षर नाही. मी इकडून म्हणायची. चुकलं की पेटीचा भाता धाडकन बंद. मी ओरडायची, "अहो, पेटी मोडेल!" पलीकडून आवाज, "गळा सुधारा, पेटी वाचेल." शिष्टपणा तर बघ! माझ्याच घरात, माझ्याच कणकेपाशी उभी राहून मी बोलणी खातेय.

पण जमलं हळूहळू. रोज सकाळी, ते त्यांच्या खुर्चीत, मी माझ्या ओट्याशी, मध्ये भिंत. एकमेकांच्या घरात बसून गायलो असतो तर बिल्डिंगनं दोन म्हाताऱ्या माणसांनाही सोडलं नसतं. भिंतीला कोण काय बोलणार? माझे हे जाऊन तोवर दोन दिवाळ्या झाल्या होत्या. तुला खरं सांगू, दिवसभरात माझ्याशी कुणी बोलायचं ते तेवढंच. कुणीतरी विचारतंय आणि उत्तर मी द्यायचंय, नाहीतर तो वाटसरू दारात ताटकळेल. त्या एका कारणासाठी मी अंगात ताप असतानाही उठले आहे.

शेवटच्या वर्षी त्यांचे पाय सुजले. जिना बंद झाला. एक दिवस म्हणाले, भिंतीतूनच म्हणाले, "बाई, माझ्या वेळेला ते मधली कडवी गाळतील. तुम्ही गाळू देऊ नका."

मी म्हटलं, "अहो भाऊ, हे गेल्यावरही कुंकू लावणारी बाई मी. तुमच्या दफनभूमीत तुमच्या मंडळीसमोर तोंड कसं उघडू? आणि मला येते ती उत्तराची ओळ. विचारणारा नको का?"

मग म्हणाले, "विचारणारा आहे. विचारत नाही, एवढंच."

ते गेले तेव्हा तुला सुट्टी मिळाली नाही. तू फोनवर किती रडलीस ते मला आठवतं, म्हणून त्यावरून मी तुला काही बोलणार नाही. पण तिथे काय झालं ते तुझ्या बापानं तुला सांगितलं नसणार.

तीच दफनभूमी, आजीच्या शेजारची जागा. मी मागे उभी, पदर घट्ट धरून. पाळकसाहेब आता नवे, तरुण. त्यांनी तेच गीत सांगितलं, आणि म्हणाले, "पहिलं आणि शेवटचं." मंडळीनं पहिलं कडवं म्हटलं. शेवटच्यासाठी सगळ्यांनी पानं उलटली. आता बोलले नाही तर कधीच नाही, असं वाटत होतं. पण मी उत्तर देणार कुणाला?

तेवढ्यात पुढून दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ आली. हळू, ठाय लयीत, अगदी त्यांच्या आवाजात. क्षणभर मला वाटलं, शवपेटीतून उठले की काय! तुझा बाप गात होता. पुस्तक मिटलेलं, मनगटावर घड्याळ नाही. ओळ संपली आणि तो थांबला. जसे ते थांबायचे, तसाच. लोक चुळबुळले. कुणीतरी "साहेब..." म्हणालं.

आणि मी उत्तर दिलं.

सगळ्या माना मागे वळल्या. कुंकू लावलेली म्हातारी, त्यांच्या गीतात. मी कुणाकडेच बघितलं नाही. तुझ्या बापानंही मागे वळून बघितलं नाही, पण त्याचे खांदे खाली आले हे मला लांबूनही दिसलं. त्यानं पुढची ओळ विचारली, मी सांगितली. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. ते आजारी माणसाचं आहे, ज्याच्या उशाशी कुणी नाही. खड्डा खणणाऱ्यातला एक जण टोपी काढून उभा राहिला.

मग चौथं. चौथ्या कडव्यात वाटसरू म्हणतो की मला यायला फार उशीर झाला, आता दार लावून घेतलं असेल. तुझ्या बापानं ती ओळ सुरू केली. "उशीर" हा शब्द आला आणि ओळ तुटली. तो तिथेच मातीत बसला. मी वाट बघितली. ओळ पुरी झाल्याशिवाय उत्तर कसं देणार, तशी चाल नाही ती. पाळकसाहेबांनी चांगुलपणानंच शेवटचं कडवं सुरू केलं, मंडळीनं उचललं, माती पडली. झालं.

त्यानंतर तुझा बाप एकदा आला, पेटी आणि कागदपत्रं घेऊन गेला. मला वाकून नमस्कार केला. त्या घराला कुलूप आहे. एजंट माणसं घेऊन येतो, खोल्या दाखवतो. सकाळी मी कणीक मळते, भिंतीला कान असतो, पलीकडे फ्रिजसुद्धा चालू नाही. नवीन कोण येईल, काय ऐकेल, देव जाणे.

मला आता पहिल्यासारखं पाठ राहत नाही गं. परवा तिसऱ्या कडव्यात अडखळले. चौथ्याचं उत्तर मात्र अजून शाबूत आहे. रोज मनात म्हणून बघते, घासून ठेवलेल्या भांड्यासारखं. पण त्यांनी शिकवलंय तसं, विचारल्याशिवाय ते मोठ्यानं म्हणायचं नाही.

तेव्हा तू ये. डिसेंबरची वाट बघू नकोस, सुट्टी मागून घे. स्टेशनवरून थेट इकडे येऊ नकोस, आधी घोडबंदरला जा, तुझ्या बापाला उठव, पेटी रिक्षात घाल आणि दोघं या. तो नाही म्हणेल, उद्या बघू म्हणेल. त्याला म्हणावं, बाजूच्या काकूंनी सांगितलंय, दार लोटलेलंच आहे. जेवायला बोंबील करते. लवकर या.